सुतळीतली खोली

नाथाने सुतळीचं एक टोक टीव्हीच्या टेबलाला बांधलं आणि दुसरं हातात धरून तो गुडघ्यांवर सरकत सोफ्याकडे निघाला. सुतळीला हाताहातावर गाठी होत्या. मिठागरात वाफे आखायची ही त्याच्या बापाची रीत. तिथे मातीत खुंट्या ठोकता यायच्या, इथे गुळगुळीत लाद्या होत्या. म्हणून दोन कोपऱ्यांवर नारळ, एकावर वरवंटा आणि चौथ्यावर सुनेची इस्त्री ठेवली होती.

"साडेपाच हात," तो म्हणाला.

"काका, फुटात सांगा ना. मशीनला हात न्हाय कळत." सोफ्यावर वही घेऊन बसलेला धर्मेश म्हणाला. हा नाथाचा पुतण्या. नवघरला त्याचं ग्रील आणि गेट बनवायचं वर्कशॉप होतं.

"आठ फूट लिव. रुंदी पाच. गाडीच्या भायेर बोटभर पन जाता कामा न्हाय."

गाडी म्हणजे खाली उभी असलेली नाथाची छोटी पिकअप. लग्नाच्या खुर्च्या आणि गणपतीच्या मूर्ती नेण्यापलीकडे तिला फारसं काम नव्हतं. आता तिच्या मागे ओढत न्यायची, चाकांवरची एक खोली बनणार होती. पलंग, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, सगळं आत. महिनाभर नाथाने दुसरा विषय काढला नव्हता. मोबाईलवर परदेशातल्या अशा गाड्या बघून बघून त्याचे डोळे लाल झाले होते, आणि सून भाविका त्याला 'इंजिनियरसाहेब' म्हणू लागली होती.

"चाकं मधोमध नको," नाथा धर्मेशला सांगत होता. "जरा मागं घे. वजन पुढं हुकावर पडलं पायजे, नायतर हायवेला शेपूट हलवल. पान्याची टाकी पुढं. आनि पत्रा चारी बाजूंनी. रबर लावून दार असं बसव, मच्छर आत शिरायची बात न्हाय."

"एसीला खाच?"

"ठेव. तिला उकडतं."

ती म्हणजे रंभा, नाथाची बायको. ती स्वयंपाकघरात करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, निवडत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

चौदा महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी रंभा मेथीची जुडी घेऊन लिफ्टमध्ये चढली आणि सातव्या-आठव्या मजल्यांच्या मध्ये लाईट गेली. जनरेटर त्या दिवशी चालला नाही. चाळीस मिनिटं ती आत एकटी होती. बाहेर काढली तेव्हा रडली नाही, ओरडली नाही. मेथी तेवढी मुठीत चुरगळून गेली होती. त्यावर ती एकदाच बोलली. "मला सगल्यांचं ऐकू येयाचं. माजं कुनाला ऐकू जायाचं न्हाय," असं म्हणाली होती. उरलेले तीन मजले जिन्याने चढून ती अकराव्या मजल्यावरच्या घरात शिरली, ती पुन्हा खाली उतरलेली नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते, उतरू द्या, हळूहळू. पण उतरलं की चढायचं आलं, आणि तिच्या गुडघ्यांना अकरा मजले झेपणारे नव्हते. खाली भाड्याने खोली बघू, असं मुलगा मितेश दोनदा म्हणाला. रंभाने त्याला उडवूनच लावलं. जमीन आपली, त्यावर टॉवर उभा राहिला, आणि आता त्याच्याच सावलीत भाडं भरून राहायचं? लोक तोंडात शेण घालतील.

अकरावा मजला मागून घेतला होता तो नाथाने. बिल्डरने विचारलं तेव्हा हाच पुढे होऊन म्हणाला होता, वरचा द्या, खाडी दिसली पाहिजे. पहिली दोन वर्षं दिसलीही. नंतर समोर टॉवर आले आणि खाडीची करंगळीएवढी पट्टी उरली. त्या पट्टीकडे बघितलं की नाथाला स्वतःची लाज वाटायची. एका चांगल्या बाईला आपण वर नेऊन कोंडलं, हे तो कुणाला बोलला नव्हता. रोज सकाळी मात्र त्याच्या मनात तेच यायचं.

म्हणून ही खोली. एकदा खाली उतरली की महिनाभर वर यायचं नाव नको. घोडबंदरला रंभाचा भाऊ धाकू राहायचा, त्याच्या अंगणातून खाडी अजून अख्खी दिसायची. गाडी तिथे लावायची आणि राहायचं. सगळं जमून आलं होतं. उद्या सकाळी धर्मेश पत्रा कापणार होता.

"रंभे, ये. तुजी खोली बग."

रंभा हात पुसत आली. सुतळीपाशी आली आणि थांबली.

"झ्याक हाय," ती म्हणाली.

"तितून काय बगतेस? आत ये. पलंग हा असा. झोपून बग, पाय पोचतात का."

"माज्या हातांना वास येतोय करंदीचा. भाविका, तू झोप गं. तुजी-माजी उंची सारकीच."

भाविका हसत सुतळीच्या आत गेली, लादीवर आडवी झाली. "आई, ऐसपैस आहे हो. मीच जाते बाबांबरोबर."

रंभाही हसली. मग तिने विचारलं, "दार कुठं?"

"मागं, हितं," नाथा म्हणाला.

"कडी?"

"आतून पन, भायेरून पन. धर्मेश गाडीचं लॉक बसवतोय, चोराच्या बापाला उघडायचं न्हाय."

"आनि लाईट गेली तं?"

"बॅटरी हाय ना!"

"चांगलं हाय," रंभा म्हणाली. "तुमी केलंय ते चांगलंच असनार." आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने नळ सुरू झाला, तो बराच वेळ वाहत राहिला.

धर्मेशने वही मिटली. "मग काका, फायनल? सकाळी आठला कटिंग लावतो."

नाथा हो म्हणणारच होता. त्याआधी उठताना त्याने भिंतीचा आधार घेतला आणि त्याची नजर पॅसेजमध्ये गेली. बाथरूमच्या दारात लाल बादली होती. दार आपोआप मिटू नये म्हणून पाण्याने भरून ठेवलेली. चौदा महिने ती तिथेच होती. घरातली माणसं ती ओलांडून जायची. रंभा आंघोळीला गेली की बाकीच्यांनी गॅलरीत जाऊन बसायचं, हे कुणी न ठरवता ठरून गेलं होतं. नाथा स्वतः कितीदा त्या बादलीला अडखळला होता, शिव्या घालून तिच्यात पुन्हा पाणीही त्यानेच भरलं होतं.

तो पुन्हा खाली बसला.

"काय झालं, बाबा?" भाविकाने विचारलं.

"काय न्हाय. अक्कल गहान टाकली व्हती, ती आटवली."

तो सुतळीच्या आत बसून राहिला. चारी बाजूंनी पत्रा, रबर लावलेलं दार, बाहेरून कडी. हौसेने, जीव ओतून त्याने बायकोसाठी आणखी एक लिफ्ट बनवायला घेतली होती. आणि तिने एका शब्दाने मोडता घातला नव्हता. चांगलं हाय, म्हणाली होती.

लग्नानंतरची चार वर्षं दोघं मिठागरावरच्या खोपीत राहिले होते. हंगामात तिथेच झोपायचं. त्या खोपीला दार नव्हतं. कुणाच्याच खोपीला नसायचं. भरतीच्या वेळी बांध कुठे फुटला तर पाण्याचा आवाज झोपेत कानावर पडला पाहिजे. दार लावून झोपणाऱ्याचं मीठ गेलंच समजा. नवी नवरी म्हणून रंभाच्या सासूने गोणपाटाचा पडदा दिला होता. रंभाने दुसऱ्याच दिवशी तो काढून त्यात मीठ भरलं. म्हणाली, मला भायेरचं दिसल्याशिवाय झोप येत न्हाय. नाथाला तेव्हा ती भारी आगाऊ वाटली होती.

त्याने इस्त्री उचलली. मग तिच्या शेजारच्या कोपऱ्यावरचा नारळ उचलला, आणि गॅलरीकडच्या लांब बाजूची सुतळी गुंडाळून घेतली.

"धर्मेश, ही बाजू न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"म्हंजे न्हायच. पत्रा न्हाय, दार न्हाय. दोन खांब दे, वर ताडपत्री गुंडालून ठेव. पाऊस आला तं सोडू."

"काका, येडे झाले का? एसी कसा चालनार? कुत्रं शिरल, चोर शिरल. आनि तीन भिंतींवर बॉडी लचकल ना रस्त्याला."

"मंग खालची फ्रेम जाड कर. वजन वाढलं तं टाकी लहान कर. एसी नकोच."

"अहो, मग हा कॅम्पर कसला? मांडव झाला हा!"

"मांडवच कर," नाथा म्हणाला.

धर्मेश भाविकाकडे बघू लागला. भाविका पॅसेजकडे बघत होती. धर्मेशने वही पुन्हा उघडली, एक रेघ खोडली, आणि जाड फ्रेमचं गणित करत पुटपुटत बसला.

नाथाने रंभाला हाक मारली नाही. तो उरलेल्या सुतळीच्या गाठी उगाच चाचपत बसला.

रंभा करंदीचं ताट घेऊन बाहेर आली ती गॅलरीत उजेडाला बसायला म्हणून. हॉलमध्ये तिची पावलं थबकली. जिथे सुतळी नव्हती त्या जागेकडे ती बघत राहिली. मग तिथूनच आत आली, नाथापासून हातभर अंतरावर टेकली, पाय बाहेर लांब सोडले आणि ताट मांडीवर घेतलं.

गॅलरीतून वारा येत होता. रंभाने चार-पाच करंद्या सोलल्या, साली ताटाच्या कडेला लावल्या.

"भाविका," मान वर न करता ती म्हणाली, "आठव्या मजल्याला जिन्यात खिडकी हाय ना गं?"

"आहे ना, आई. मोठी आहे."

"आनि पाचव्याला?"

"पाचव्याला पण आहे. आणि दुसऱ्यावर मिश्राभाभींची खुर्ची असते बाहेर."

"हां." रंभाने आणखी एक करंदी सोलली. "मंग खुर्चीचं भाभीला आदीच सांगून ठेव. घाईत नको."