उरवून ठेवायचा श्वास

मित्रांनो, तुमची-माझी ओळख नसेल, आणि नसलेलीच बरी. मी भूल देण्याचे एक जुने यंत्र आहे. ऑपरेशनसाठी माणसाला गाढ झोपवले, की त्याच्या वाटचा श्वास घेण्याचे काम माझ्याकडे येते.

कारखान्यातून निघालो तो थेट अमरावतीला. तिथे नऊ वर्षे काढली. मग नवे यंत्र आले आणि मला गोधडीत गुंडाळून अकोल्याला, जठारपेठेतल्या एका लहान दवाखान्यात धाडले. इथे नत्थुजी भेटले, ऑपरेशन थिएटरचे जुने कर्मचारी. ते मला असे पुसत, की आल्यागेल्याने विचारावे, "नवं घेतलं काय?"

मी हिशेबाला पक्का. मिनिटाला बारा श्वास. जेवढी हवा आत, तेवढी बाहेर. मागे काही उरू न देणे यालाच मी चोख काम समजत होतो.

एके दिवशी बाळापूरकडच्या सुंदराबाई पित्ताशयाच्या खड्यांसाठी आल्या. अंगाने भारी, तोंडाने त्याहून. भूल देणाऱ्या चारुता मॅडमना म्हणाल्या, "पोरी, झोपव खुशाल, पन उठवजो बरं. माही म्हैस दुसऱ्याले हात लावू देत नाई."

"तुम्हाला उठवल्याशिवाय मी घरी जात नाही," मॅडम हसल्या.

ऑपरेशन सुरू होऊन अर्धा तास झाला आणि सुंदराबाईंच्या रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला. सत्त्याण्णव, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. मी गोंधळलो. माझे बारा श्वास तर जसेच्या तसे! मॅडमनी निव्वळ ऑक्सिजन सुरू केला. आकडा शहाऐंशीवर आला. जास्त देऊनही कमी? हा कुठला हिशेब? मॅडमनी घशातली श्वासाची नळी तपासली, छाती दोन्हीकडून ऐकली, सर्जन अद्वैत सरांना दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेला वायू सोडायला लावला. तरी फरक नाही. मीच कुठे फाटलोय की काय, असे मला वाटू लागले.

तेवढ्यात मॅडमची नजर माझ्या कुशीतल्या एका बटनावर गेली. ते फिरवून ठेवले, की श्वास सोडताना थोडी हवा छातीत उरते. सकाळी त्यांनीच ते पाचवर ठेवले होते. आता शून्यावर होते.

"नत्थुजी, याला हात कोणी लावला?"

"म्याच, मॅडम. पुसता पुसता बंद केलं. आमच्या मोहल्ल्यात पाचव्या दिवशी पानी येते. उघडी तोटी दिसली का हात थांबत नाई."

"तोटी नाही हो ती! आणि चुकलं माझंही. पेशंट टेबलावर घेताना मी पुन्हा पाहायला हवं होतं."

त्यांनी माझी रबरी पिशवी हातात घेतली, हळूहळू दाबली आणि दाबून धरली. एक, दोन, तीन... दहा. मग बटन आठवर.

पाहता पाहता आकडा चढला. नव्वद. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव.

मॅडमनी नत्थुजींना समजावले ते मीही ऐकले. भुलीत आडव्या पडलेल्या माणसाच्या फुप्फुसावर पोटाचा भार येतो. दर श्वासाला ते पुरते रिकामे केले, तर खालचे कप्पे ओल्या पिशवीसारखे चिकटून बसतात. मग वरून कितीही हवा द्या, तिथे पोचत नाही. म्हणून आधी दाबून ते कप्पे उघडायचे, आणि मग दर श्वासाला थोडी हवा मागे ठेवायची. खरे सांगतो, मला हे अजून पुरते उमगलेले नाही. इतकी वर्षे ज्याला चोख म्हणालो, त्यानेच बाई जाता जाता राहिल्या.

ऑपरेशन आटोपले. मॅडमनी हाक मारली, "सुंदराबाई, डोळे उघडा!"

पापण्या हलल्या. जड जिभेने त्या म्हणाल्या, "म्हशीले... पानी दाखवलं काय?"

"दाखवतो माय, मी सोता जातो बाळापूरले!" नत्थुजी रडत-हसत ओरडले.

मित्रांनो, आम्हां यंत्रांना जरूर पुसा. पण ज्याचा उपयोग ठाऊक नाही ते बटन काटकसरीपायी फिरवू नका, विचारा. आणि आपण लावून गेलो तसेच असेल, असे धरून चालू नका.

आताही पुसताना नत्थुजींचा हात त्या बटनाशी येतो आणि थबकतो. "मॅडम, पाचवर हाय, पाहून घ्या!" ते दारातून हाक मारतात. मॅडम हातातला चहा ठेवून येतात, आणि पाहतात.