हरणाची प्रदक्षिणा

माळावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोरीच्या रिंगणात मधोमध चौरंगावर बाबा बसले होते आणि एक रानातलं हरीण, मान तिरकी करून, त्यांच्याभोवती गोल गोल फिरत होतं. माणसं बघून पळायचं सोडून.

"मुकं जनावर प्रदक्षिणा घालतंय," बाबा म्हणाले, "आणि तुम्ही दोन पायांचे अजून विचारच करताय? इथलं गवत न्या, गुरांना चारा. भक्ती पोटातून चढते."

गुरांच्या डॉक्टरीणबाई दोरीशी उभ्या होत्या. घरात त्यांना लहानपणापासून गोगलगाय म्हणत, कारण चार माणसांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. आजही फुटला नसता. पण शेजारी त्यांची मावशी त्याच ओल्या गवताची पेंढी छातीशी धरून उभी होती. मावशीचं घर दोन शेळ्यांवर चालायचं.

"महिनाभर धाकटीला चारतेय," मावशी कौतुकानं म्हणाली. "कालपासून तिचीही मान तिरकी झालीय बघ. भक्ती चढली."

डॉक्टरीणबाईंना राग आला आणि तो आवरला नाही. त्या दोरीखालून आत शिरल्या.

"बाबा, जरा उठता का?"

"आम्ही आसन सोडत नसतो."

"मग आसनासकट उठा."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबांना उठावंच लागलं. चौरंग बाजूला गेला, बाबाही गेले. हरीण मात्र तिथंच, रिकाम्या जागेभोवती फिरत राहिलं.

"म्हणजे ते यांच्याभोवती फिरत नव्हतं," मावशी सावकाश म्हणाली. "ते फिरत होतं, तिथं हे येऊन बसले."

"आमची ऊर्जा उरली आहे तिथं," बाबा म्हणाले.

बाईंनी मावशीची पेंढी चौरंगावर झटकली. मसुरीएवढ्या गोगलगायी टपटप पडल्या.

"ही बघा ऊर्जा. हरणाच्या लेंड्यांत बारीक जंत असतात. गोगलगाय त्यावरून सरकली, की ते तिच्या अंगात शिरून वाढतात. ती गवताबरोबर पोटात गेली, की जंत पार मेंदूपर्यंत पोचतात. हे हरीण भक्त नाही, आजारी आहे. आणि हा आजार बाबा पेंढ्या बांधून तुमच्या गोठ्यांत धाडतायत."

"गवत पवित्र आहे," बाबा पुटपुटले.

"मग आधी तुम्ही एक घास घ्या."

बाबांनी चौरंगाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

"माझी धाकटी वाचेल का गं?" मावशीनं विचारलं.

"खोटं नाही सांगत, मावशी, खात्री नाही. औषध आत्ताच सुरू करते. थोरलीला मात्र हे गवत दाखवूसुद्धा नकोस."

"कोण ही बाई?" मागून कुणी विचारलं.

"आमच्या घरची गोगलगाय," मावशी ताठ मानेनं म्हणाली.

डॉक्टरीणबाई गर्दीकडे वळल्या. "हात जोडायचे तर जोडा. पण त्याआधी एकदा चौरंग हलवून बघत जा."