सिग्नलवर राहिलेलं बोलणं

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत रुपरावांचा एक नियम सगळ्यांना पाठ होता. चाक फिरत असताना ड्रायव्हरशी बोलायचं नाही. पस्तीस वर्षांत ते ट्रकचालकाचे ट्रकमालक झाले, पण नियम काही सुटला नाही. घरच्या कारमध्येही तोच. बायको जिजाबाई शेजारी तोंड मिटून बसायची आणि सगळं बोलणं सिग्नलसाठी राखून ठेवायची. पेट्रोल इंजिनाला छोट्या बॅटरीची जोड असलेली नवी मायल्ड हायब्रिड कार आली तेव्हा तर तिची चंगळच झाली. लाल दिव्याला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद, आत चिडीचूप, आणि जिजाबाई सुरू. एका चौकात काढलेला विषय ती तिसऱ्या चौकात संपवायची. रुपराव वरवर वैतागत, पण दुरून हिरवा दिवा दिसला की मुद्दाम गाडी हळू घेत.

मागच्या जानेवारीत ती बंगळुरूला मुलीकडे, मयुराकडे गेली. नातू झाला होता. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली आणि आता वर्ष होत आलं. तिला विमानतळावर सोडायला जाताना रविनगरच्या सिग्नलवर ती म्हणाली, "अवो, मी जाऊन राहिली, पण तुमी…" तेवढ्यात हिरवा दिवा लागला. पुढचे सगळे सिग्नलही हिरवेच मिळाले. नागपुरात असं एरवी होत नाही, नेमकं त्या दिवशी झालं. विमानतळावर बॅगांच्या धांदलीत ते बोलणं राहूनच गेलं.

फोनवर विचारायला काय जात होतं? पण रुपराव पडले हट्टी. रोज फोन करायचे, नातवाचं आणि हवापाण्याचं बोलायचे, आणि फोन ठेवल्यावर त्या अर्ध्या वाक्यापाशी येऊन बसायचे.

दिवाळीपासून गाडीनं सिग्नलवर बंद होणं सोडलं. जिजाबाईवाचून गाडीलाही करमत नसेल, असं रुपरावांनी ठरवून टाकलं. हायब्रिड म्हणजे चालता चालता स्वतःच चार्ज होणारी, तिच्या बॅटरीला काय धाड भरली आहे, असं ते छातीठोकपणे सांगत. शेवटी एका सकाळी गाडी सुरूच होईना, तेव्हा त्यांनी जुन्या ओळखीच्या धर्मेंद्र मिस्त्रीला बोलावलं.

धर्मेंद्रनं मीटर लावून पाहिलं. सीटखालची हायब्रिडची छोटी बॅटरी ठणठणीत होती. बॉनेटमधली, इंजिन सुरू करणारी, तीच गेली होती. एखादी साधी बॅटरी बसवून दे, असं रुपराव ट्रकवाल्याच्या सवयीनं म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. या गाडीला वेगळी लागते, असं सांगून तो दुपारी तीच घेऊन आला. आधी निगेटिव्हची तार सोडली, मग जुनी बॅटरी उतरवून नवी बसवली.

"पण सिग्नलवर बंद काहून होत नव्हती गा?" रुपरावांनी विचारलं.

"बॅटरीत दम नव्हता, काका. एकदा बंद झाली तर पुन्हा चालू होईन का नाही, याचा तिले भरोसा नव्हता. म्हणून थांबतच नव्हती."

 हे बोलणं गाडीचंच होतं, तरी रुपरावांना ते चांगलंच लागलं.

तिसऱ्या दिवशी ते शहरात निघाले. रविनगरला लाल दिवा लागला, त्यांनी गाडी न्यूट्रलला घेतली आणि इंजिन बंद झालं. तीच शांतता परत आली होती. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून त्यांचा जीव इतका तुटला की त्यांनी गाडीच्या स्पीकरवर तिला फोन लावला.

"जिजा, त्या दिवशी इथं काय म्हनून राहिली होती वं?"

कुठल्या दिवशी, कुठं, हे तिनं विचारलं नाही. 

"तुमी एकदा तरी मले नको जाऊ म्हना, असं म्हनत होती."

दिवा हिरवा झाला. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवू लागला. रुपरावांनी क्लच दाबला, इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि गाडी चौकातून पुढे निघाली.

"नाही करमत वं मले," ते म्हणाले. "ये आता घरी."

चाकं फिरत होती, आणि रुपराव बोलतच होते.