आठ मिनिटं चाळीस सेकंद

मला कुणी दाबल्याशिवाय मी बोलत नाही. आज कुणी दाबलेलं नाही, तरी बोलतोय, कारण माझ्याबद्दल बरंच काही परस्पर बोलून झालेलं आहे.

मी एक बटण आहे. हिरवं, चौकोनी, अंगठ्याएवढं. ओहायोतल्या ड्रॅव्हेल काउंटीच्या चौदा नंबर अँब्युलन्समध्ये, चालकाच्या उजव्या हाताशी चार बटणांची एक पट्टी होती. पहिलं ‘निघालो’, दुसरा मी, ‘पोहोचलो’. पुढची दोन ‘उचललं’ आणि ‘इस्पितळात’. मला दाबलं की कंट्रोल रूममधलं घड्याळ थांबे आणि आजाऱ्याकडे मदत किती मिनिटांत गेली ते कायमचं लिहिलं जाई. कागदावर आलं म्हणजे ते घडलं, अशी या काउंटीची श्रद्धा आहे. देवावर इतकी नाही.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. इंडियानातल्या एका कारखान्यात साच्यातून चाळीस भावंडं एकदम पडली. कुणी लिफ्टमध्ये गेलं, कुणी कपडे धुण्याच्या यंत्रात. माझ्या छातीवर ‘पोहोचलो’ छापलं गेलं, यात माझं कर्तृत्व काही नाही. पण एकदा नाव मिळालं की नावाला जागावंसं वाटतं. माणसांचं मला माहीत नाही, बटणांचं असं असतं.

चौदा नंबरवर दोन माणसं होती. व्हर्नेटा गेन्स ही पॅरामेडिक, बावीस वर्षांची नोकरी, आवाज असा की बेशुद्ध माणूसही “हो बाई” म्हणायचा. गाडी चालवायचा रेमी बारेला. तो सतत काहीतरी खात असे, आणि मला दाबण्याआधी बोट पँटला पुसत असे. एवढा मान मला पुढं कुणी दिला नाही.

पहिल्यापासून आमचा मुक्काम अल्डरहर्स्टच्या टेकडीवर. काउंटीचं चालू इस्पितळ तिथंच आहे. आजारी माणूस कुठूनही उचला, आणायचा टेकडीवर. तो उतरवला की गाडी तिथंच मोकळी होणार. त्यामुळं अँब्युलन्स तिथं अशा जमायच्या, जसे बागेच्या बाकावर पेन्शनर. टेकडीवर राहणाऱ्यांना त्यांची घरं पाहून कुणी आधीच भाग्यवान म्हणत असे. त्यांच्या भाग्यात आम्हीही होतो, हे त्यांच्या गावी नव्हतं.

एकदा एका निवृत्त न्यायाधीशांच्या पत्नीच्या बोटाला मधमाशी चावली. आम्ही तीन मिनिटं पन्नास सेकंदांत दारात. बाई घड्याळाकडं बघून म्हणाल्या, “केवढा उशीर!”

परतताना रेमी म्हणाला, “याहून लवकर यायचं तर यांच्याकडं भाड्यानंच राहावं लागेल.”

“भाडं परवडेल का तुला?” व्हर्नेटा म्हणाली.

“मधमाशीला परवडतं, मला नाही.”

टेकडीखाली, नदीच्या बाजूला, चामड्याच्या जुन्या कारखान्याभोवती टॅनरी वस्ती. तिथलं इस्पितळ सहा वर्षांपूर्वी बंद झालं. इमारत आहे, पाटी आहे, मोटारी लावायचं आवार आहे, फक्त डॉक्टर नाहीत. वस्तीत शिरायला एकच सरळ रस्ता, आणि त्यावर रेल्वेचं फाटक. इथल्या मालगाड्या इतक्या लांब झाल्यात की यार्डात मावत नाहीत. मग त्यांची शेपटी फाटकावर येऊन पंधरा-वीस मिनिटं स्वस्थ पडते. दुसरा रस्ता पुलावरून, तीन मैलांचा वळसा.

अँब्युलन्स चालवणाऱ्या कंपनीचा काउंटीशी करार होता. शंभरातल्या नव्वद ठिकाणी आठ मिनिटं एकोणसाठ सेकंदांच्या आत पोहोचायचं. शंभर म्हणजे सगळ्या काउंटीचे मिळून. टेकडीवरच्या झटपट फेऱ्यांखाली वस्तीतला उशीर सहज झाकला जाई. पण करारात आणखी एक कलम होतं: एखाद्या वस्तीत वारंवार उशीर होतो असं आकड्यांत दिसलं, तर तिथं एक गाडी कायमची उभी करायची. टॅनरीला हवी होती ती एवढीच एक गाडी. आणि ती मिळत नव्हती, कारण आकड्यांत टॅनरी वस्ती उत्तम होती.

ती उत्तम कशी होती, ते मला विचारा. मी तिथं होतो.

पहिल्यांदा फाटकाशी अडकलो तेव्हा आठ मिनिटं तीस सेकंद झाले होते. रेमीनं बोट पुसलं आणि मला दाबलं.

“अजून पोचलो कुठं?” व्हर्नेटा म्हणाली.

“वस्तीत पोचलो ना? ती काय समोर कारखान्याची चिमणी दिसतेय. मालगाडी काय माझ्या बापाची आहे? उशीर तिचा, मेमो माझ्या नावानं!”

व्हर्नेटा गप्प बसली. मीही गप्प बसलो. माझ्याकडं दुसरा पर्याय नव्हता, तिच्याकडं होता. हे तिनंच पुढं बोलून दाखवलं, म्हणून मी सांगतोय.

हळूहळू तो रिवाजच झाला. कंपनीच्या तीसही गाड्यांचे चालक फाटकाशी ‘पोहोचलो’ दाबू लागले. कंपनीनं कुणालाही तसं सांगितलं नव्हतं. कंपनी फक्त नऊ मिनिटांना मेमो देई आणि महिनाभर एकही उशीर नसला तर डोनटचं खोकं देई. हुशार माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. चालक बिचारे आपली नोकरी वाचवत होते. त्यांनी वाचवलेल्या प्रत्येक मेमोमागं वस्तीची गाडी एकेक पाऊल लांब जात होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी वस्तीतले ऑथा पेटवे स्वयंपाकघरात कोसळले. बसगाड्या दुरुस्त करणारा जुना कारागीर, नुकताच निवृत्त झालेला. त्यांची बायको लुव्हीनिया चर्चमधून येऊन अजून टोपीही न काढता जेवण वाढत होती. तिनं फोन केला. आम्ही टेकडीवरून निघालो, फाटकाशी आलो. समोर मालगाडी. रेमीनं मला दाबलं. आठ मिनिटं चाळीस सेकंद.

मालगाडी हलेना. रेमीनं गाडी वळवली, पुलावरून वळसा घेतला. दारात गेलो तेव्हा तेवीस मिनिटं झाली होती. लुव्हीनियाबाई जमिनीवर गुडघे टेकून, कंट्रोल रूममधून फोनवर सांगतील तशी नवऱ्याची छाती दाबत होत्या. हातांवर चर्चचे पांढरे हातमोजे तसेच. व्हर्नेटानं पुढं अर्धा तास खटपट केली. ऑथा पेटवे परत आले नाहीत.

बाईंनी कंपनीकडं नोंद मागितली. दीड महिन्यानं सहानुभूतीचं पत्र आलं. ते घेऊन त्या आमच्या गॅरेजमध्ये आल्या, कोट घालून, पर्स काखेत धरून. चौदा नंबरच्या उघड्या दाराशी उभ्या राहिल्या.

“यात लिहिलंय, तुम्ही आठ मिनिटं चाळीस सेकंदांत माझ्या घरी आलात,” त्या म्हणाल्या. “मी दार सताड उघडं टाकलं होतं, पोरी. आठ मिनिटं चाळीस सेकंदांनी आत कोण आलं होतं?”

रेमी समोरची काच पुसत होता. एकच जागा पुसत होता.

“चर्चच्या दारात बत्तीस वर्षं उभी आहे मी, माणसांना जागेवर बसवायला. कोण कधी आलं ते मला विचारतात. बाहेर पायरीवर सिगरेट ओढत थांबलेल्याला मी ‘आला’ म्हणत नाही.”

“मिस लुव्हीनिया,” व्हर्नेटा म्हणाली, “तुमचं बरोबर आहे. मला तोंड उघडता येत होतं, मी उघडलं नाही.”

“मग आता उघड. माझा माणूस गेला. शेजारणींची माणसं अजून आहेत.”

दुसऱ्या दिवशी व्हर्नेटानं रेमीला सांगितलं, “आजपासून मी आजाऱ्याला हात लावीन आणि वॉकीटॉकीवर सांगेन. मग दाबायचं. त्याआधी नाही.”

“आणि नोकरी गेली तर?”

“माझीही जाईल. दोघं मिळून कॉफी पीत बसू.”

“तुझ्या हातची? त्यापेक्षा मेमो बरा.”

आणि वस्तीतल्या पुढच्या फेरीत त्यानं माझ्यावर बोट ठेवलं ते थेट एकोणीस मिनिटांनी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी खरं बोललो. छान वाटलं, हे कबूल करायला मला लाज नाही.

वरिष्ठ साहेब होल्विग यांना मात्र छान वाटलं नाही. “एकवीस मिनिटं? एकोणीस मिनिटं? चौदा नंबर काय पायी जाते का?”

“पायी लवकर पोचले असते, साहेब,” व्हर्नेटा म्हणाली. “वस्तीतली माणसं मालगाडीच्या डब्यांमधून वाकून जातात. माझी गाडी वाकत नाही.”

‘विहित कार्यपद्धतीचा भंग’ म्हणून तिला तीन आठवडे घरी बसवलं. साहेबांना वाटलं, विषय संपला. पण तिच्या जागी नवा माणूस आला आणि रेमी त्याला म्हणाला, “दारात गेलास की सांग. सांगितल्याशिवाय मी दाबत नाही.” मग बावीस नंबरनं तेच सुरू केलं, मग सात नंबरनं. उन्हाळा सरेपर्यंत अकरा गाड्या. डोनट येणं बंद झालं. कुणी उपाशी मेलं नाही.

टॅनरी वस्तीचा आकडा शंभरात एक्याण्णव होता, तो चव्वेचाळीसवर आला. ते कलम जागं झालं. लुव्हीनियाबाईंनी काउंटी मंडळाकडं अर्ज केला: आमची गाडी द्या.

कंपनीच्या वकिलानं लेखी उत्तर दिलं. काय, ते ऐका. उशीर झालेलाच नाही. गाड्यांमधली हिरवी बटणं अडकतात, त्यामुळं नोंद उशिरा होते.

म्हणजे फाटकाशी उभा राहून वर्षानुवर्षं खोटं बोललो, तेव्हा मी उत्तम माल होतो. खरं बोलायला लागलो आणि सदोष ठरलो. मी पुष्कळ बोटं पाहिली आहेत, पण माझ्याकडं इतक्या बेशरमपणे रोखलेलं हे पहिलंच.

मला पट्टीतून उपसलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि सुनावणीला मंडळापुढं हजर केलं. वस्तीतली माणसं भिंतीला लागून उभी होती. एका तंत्रज्ञानं मला तारा जोडल्या आणि दोनशे वेळा दाबलं. मी दोनशे वेळा बोललो. एकदाही अडखळलो नाही. दोनशे एकावं हवं असतं तर तेही दिलं असतं.

वकील उठला. “तरीसुद्धा, क्वचित प्रसंगी...”

“बटण ठीक आहे,” मागून रेमी म्हणाला. तो उभा राहिला होता. अध्यक्षबाईंनी नाव विचारलं, ते त्यानं सांगितलं. “दोष बोटात होता. ऑथा पेटवे यांच्या वेळी मी फाटकाशी थांबून दाबलं. आधीही, कितीतरी वेळा. सगळ्या गाड्यांत तसंच चालायचं.”

“याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?”

“माझा परवाना जाईल, बाईसाहेब. मला वाचता येतं.”

सगळ्यांनी लुव्हीनियाबाईंकडं पाहिलं. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि रेमीला म्हणाल्या, “उभा काय राहिलास? बस इथं.”

तो बसला.

नोव्हेंबरपासून बंद इस्पितळाच्या आवारात एक अँब्युलन्स उभी असते, फाटकाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे. मंडळानं ती ‘प्रायोगिक, एक वर्षासाठी’ दिली आहे. टेकडीवरच्या गाड्या कुणी प्रायोगिक ठेवल्याचं मला आठवत नाही. व्हर्नेटा त्याच गाडीवर आहे. रेमीचा परवाना आठ महिन्यांसाठी गेला. तो टायरच्या दुकानात काम करतो, आणि तिथंही खातो.

कंपनीनं सगळी हिरवी बटणं काढून टाकली. आता उपग्रह ठरवतो, गाडी पोहोचली की नाही. पत्त्यापासून दोनशे यार्डांवर आली की आपोआप ‘पोहोचली’ अशी नोंद. अंगण ओलांडून, जिना चढून, दार ठोठावून कोण जातं, हे आकाशातून दिसत नाही. म्हणून व्हर्नेटा दारात गेल्याची वेळ मनगटावर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिते आणि रोज संध्याकाळी मंडळाला कळवते. वस्तीतल्या बायकाही आपापल्या घड्याळावरून लिहितात. वर्ष संपेल तेव्हा वकील पुन्हा येईल. यावेळी तो बहुधा उपग्रह अडकतो म्हणेल.

मी काउंटीच्या अभिलेख कक्षात, कपाट सहा, खण तीनमध्ये, पिशवीत आहे. पिशवीवर क्रमांक आहे. इथं मला कुणी दाबत नाही, म्हणून मी दबलोय असं कुणी समजू नये.

तुमच्या गावात कुणी सांगितलं, मदत इतक्या मिनिटांत पोहोचते, तर आकड्यावर समाधान मानू नका. घड्याळ कुठं थांबवलं ते विचारा. फाटकाशी, नाक्यावर, की आजाऱ्याच्या उशाशी? ते उत्तर देणार नाहीत. पुन्हा विचारा. साक्षीदार लागला तर कपाट सहा, खण तीन. दोनशे काय, दोन हजार वेळा दाबा. मी तेच सांगेन.