बक्षिसाची टोपली

बाई फळ्याकडे वळल्या तशा शिंपीकाकांनी बशीतल्या पपईच्या फोडी हळूच डब्यात सरकवल्या. शेजारच्या पोस्टमनने ते बरोबर टिपलं.

"काका, इथं खायचं असतं, बांधून न्यायचं नसतं."

"घरी बायको आहे," काका म्हणाले आणि त्यांनी झाकण लावलं.

भाज्या-फळं जास्त खा, असं मोठ्या माणसांना शिकवणारा हा वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. बाकीचे आपलं पोट उतरवायला येत, काका बायकोसाठी. तिची स्मरणशक्ती गेली आणि मागोमाग भूकही. घास पुढे केला की ती ओठ घट्ट मिटून घेई. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुम्ही त्यांच्यासमोर बसून खा. बघून इच्छा होते."

मग काय! जन्मात गाजराकडे ढुंकून न पाहिलेला हा गृहस्थ तीन महिने तिच्यासमोर बसून कराकरा गाजरं चावत होता.

आज शेवटचा दिवस. सगळ्यांची वजनं झाली. पोस्टमनचा काटा होता तिथेच होता. वर्गात आले तेव्हा काडीसारखे असलेले काका चार किलोंनी भरले होते.

"सगळ्यांत जास्त फरक यांच्यात! वर्गात पहिले आमचे काका!" बाईंनी फळांची टोपली त्यांच्या हातात दिली. "काकूंचीही तब्येत सुधारली असेल, नाही?"

सकाळीच काकांनी तिच्या गाऊनची शिवण तिसऱ्यांदा आत घेतली होती. त्याच सुईने स्वतःच्या पँटची कंबर सैल केली होती. 'बाई, दुसरा काही उपाय आहे का?' हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं, पण सगळे टाळ्या वाजवत होते.

"आहे बरी," ते म्हणाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

घरी आल्यावर त्यांनी सफरचंदाच्या पातळ फोडी केल्या आणि ताटली तिच्यापुढे ठेवली. तिने एक उचलली. काका श्वास रोखून बघत राहिले.

फोड नेहमीप्रमाणे त्यांच्याच तोंडापाशी आली.

"अहो, दमून आलात. आ करा."

"आज आधी तू. माझ्यासाठी."

तिने ओठ मिटले. हात मात्र तसाच पुढे धरलेला. बांगडी मनगटावरून घसरत कोपरापाशी जाऊन थांबली.

तो हात फार वेळ ताटकळत ठेवणं काकांना जमलं नाही. त्यांनी आ केला.

"शाब्बास," ती म्हणाली आणि तिने दुसरी फोड उचलली.