करडईचा काळा पाटा

निलंग्याजवळच्या आमच्या रानात मी गव्हाभोवती करडईचा पाटा, म्हणजे चार ओळींचा पट्टा, पेरते. पूस महिन्याच्या थंडीत तो मावा कीड पडून काळाकुट्ट होतो. तो मावा करडईचाच, गव्हाला तोंड लावत नाही. पण त्याला खायला लाल ढालकिडे जमतात आणि गव्हावर मावा आला की तिकडे उतरतात.

शेजारच्या वैजनाथभाऊंनी आपली करडई फवारून लख्ख केली. मला म्हणाले, "वैनी, ही घाण कशाला ठेवून राहिलात?" मी खुरपत राहिले.

पंधरा दिवसांत त्यांचा गहू चिकट झाला, जागोजागी पिवळा पडला. माव्यानं रोगही आणला होता. माझ्याकडे सकाळच्या धुक्यात पानापानावर ढालकिड्यांचे लाल ठिपके तरंगत होते, जणू गव्हाला अजून जाग आली नव्हती आणि त्याचं स्वप्नच बाहेर सांडलं होतं.

भाऊ बांधावर आले. "कोनतं औषध मारलं, वैनी?"

"घाण," मी म्हणाले, आणि करडईची सगळ्यात काळी फांदी मोडून दिली.

ढालकिडे उडू नयेत म्हणून त्यांनी वर रुमाल धरला. काटे टोचत होते, तरी वाऱ्यातून दिवा न्यावा तशी ती फांदी घेऊन ते हळूहळू धुक्यात गेले.