दगड आणि गोष्ट

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हे काय लाकूड टांगलंय भिंतीला! म्हणा. मी एक जुनी शब्दपाटी आहे आणि जुन्या वस्तूला कुणी काहीही म्हटलं तरी तिला ऐकून घ्यावं लागतं. पण जरा जवळ या. माझ्या डावीकडे तीन इंग्रजी अक्षरं कोरली आहेत: एस, टी, ओ. ती कधी हलत नाहीत. त्यांच्या शेजारी दोन लाकडी चाकं आहेत आणि चाकांच्या कडेवर बाकीची अक्षरं. चाकं फिरवली की शब्द बदलतो. स्टोन म्हणजे दगड, स्टोव्ह म्हणजे शेगडी, स्टॉर्म म्हणजे वादळ, स्टोरी म्हणजे गोष्ट. सगळे पाच अक्षरांचे, सगळ्यांची सुरुवात एकच. एका आईची लेकरंच म्हणा ना, पण दगडाचं आणि गोष्टीचं कधी पटेल तर शपथ.

इंग्रजीच्या सरांनी सांगितलं आणि शाळेच्या मोडक्या बाकातून सुतारानं मला घडवलं. चाकांच्या दांड्याला मेण चोळून त्यानं सरांना बजावलं होतं, "सर, हिला रोज फिरवत जा. नुसती ठेवून दिलीत तर आखडेल." सर हसून हो म्हणाले.

वर्गात माझा काय थाट होता म्हणून सांगू! चाक फिरवायला मुलांची झुंबड उडायची. मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या मुद्दाम भलतीच अक्षरं जुळवायचा आणि वर सांगायचा, "सर, आहे हा शब्द. माझ्या मामाकडे बोलतात." सरसुद्धा हसायचे. पुढे शाळेत रंगीत छापील तक्ते आले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण ते तक्ते काही नऊ दिवसांत गेले नाहीत. शेवटी सर मला घरी घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलं.

घरात सर आणि त्यांची लहान लेक, दोघंच. लेकीची आई ती रांगत असतानाच गेली होती. सरांची धाकटी बहीण, म्हणजे लेकीची आत्या, मागच्या गल्लीत राहायची आणि येऊन-जाऊन घर आवरायची. बापलेकीनं माझ्यावर एक खेळ मांडला. एका सकाळी सरांनी शब्द लावायचा, दुसऱ्या सकाळी लेकीनं तो बदलायचा. पाळी आपली नसेल तर हात लावायचा नाही. आणि लेकीनं स्टोरी लावलं की सरांनी असतील तिथे बसून गोष्ट सांगायची, मग दूध उतू जावो नाहीतर शाळेची घंटा होवो. ती लबाड पोरगी बरोबर आंघोळीच्या वेळेला स्टोरी लावायची.

लेक मोठी झाली तरी खेळ सुटला नाही. मग तिला लांबच्या शहरात काचेच्या कारखान्यात नोकरी लागली. इकडे सरांनी तिला न विचारताच आपल्या शाळेत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. ते कळल्यावर ती जी बिनसली ती बिनसलीच. घरात अबोला धरला गेला. बोलायची ती एकटी मी. लेकीनं स्टॉर्म लावलं. दुसऱ्या दिवशी सरांनी स्टोन लावलं आणि चाक फिरवता फिरवता पुटपुटले, "दगडच आहे मी. विचारायला हवं होतं तिला." ते ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती निघाली. सर कोपऱ्यावर गाडी आणायला गेले होते. खांद्यावर पिशवी घेऊन ती माझ्यापुढे आली, दोन्ही चाकं फिरवली आणि स्टोरी लावलं. थोडा वेळ माझ्यावर हात ठेवून उभी राहिली, मग सामान घेऊन फाटकाशी गेली. तिचा राग गेला होता, मित्रांनो. तिला जाता जाता गोष्ट हवी होती.

तेवढ्यात आत्या फडकं घेऊन आली. आत्याची एक शिस्त होती: पुसलेली वस्तू जशी होती तशीच ठेवायची. आदल्या दिवशी आवरताना तिनं माझ्यावर स्टोन पाहिलं होतं. आज अक्षरं वेगळी दिसली, तर तिला वाटलं, अबोल्यात खेळ कसला चालतोय, बॅगेचा धक्का लागून फिरली असतील. तिनं मला पुसलं, इंग्रजी येत नसल्यामुळे आठवून आठवून एकेक अक्षर जुळवलं आणि मला पुन्हा दगड करून ठेवलं.

सर लेकीला गाडीत बसवून परत आले. माझ्याकडे पाहिलं. त्यांचा कालचा शब्द तसाच होता. "हातसुद्धा लावला नाही पोरीनं," एवढंच म्हणाले. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "बाबा, पाटी बघितलीत का?"

"बघितली."

"मग?"

"मग काय? जे आहे ते आहे."

सरांनी फोन ठेवून दिला. नंतर फोन यायचे ते तब्येत विचारण्यापुरते.

माझे खरे वाईट दिवस इथून सुरू झाले. सर निवृत्त झाले. सकाळी एकच कप विसळला जायचा. आत्याला त्यांनी सांगून टाकलं, "त्या पाटीला हात लावू नकोस, पाळी तिची आहे." स्वतःही लावायचे नाहीत. कधी चालता चालता थांबायचे, हात उचलायचे, पुन्हा खाली घ्यायचे. नियम म्हणजे नियम. एकदा चहा गाळताना ते आपल्याशीच गोष्ट सांगू लागले आणि अर्ध्यात थांबले. ऐकत मी होते, पण मला कोण हिशेबात धरतं? ओल येत गेली, मेण वाळलं, लाकूड फुगलं. सुतार म्हणाला होता तसंच झालं.

वर्षं गेली. सरांना जिना चढवेना, म्हणून आत्याच्या शेजारची तळमजल्यावरची खोली ठरली. सामान बांधायला लेक आली. बापलेक शेजाऱ्यांसारखे बोलत होते.

"हे ठेवायचं?"

"ठेव."

"आणि ही पाटी?"

"तुझी मर्जी."

तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि टाकून द्यायच्या ढिगाकडे नेऊ लागली. मी मनाची तयारी केली. आत्यानं गॅसवर दूध ठेवलं होतं, ती फडकं घेऊन आडवी आली. "थांब गं, टाकायची तरी पुसून टाकू. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा मीच पुसली होती. अक्षरं फिरली होती, मी आपली आदल्या दिवशीसारखी करून ठेवली."

लेक जागच्या जागी थांबली. "आत्या, ती फिरली नव्हती. मी स्टोरी लावलं होतं."

सर खोक्यावर बसले. "मला वाटलं, तू हातच लावला नाहीस."

"आणि मला वाटलं, मी गोष्ट मागितली आणि तुम्ही दिली नाहीत."

आत्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे..."

"तुझा काय दोष?" सर म्हणाले. "आम्हा दोघांना तोंडं होती ना."

मग त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि चाक धरलं. पहिलं चाक कुरकुरत फिरलं. दुसरं हटून बसलं. लेकीनं साबण चोळला, दोघांनी मिळून जोर लावला, ते जरासं सरकलं आणि दोन अक्षरांच्या मध्येच अडकलं. लेक रडायला लागली.

"राहू दे," सर म्हणाले. "मला कळलं." आणि तिथेच खोक्यावर बसून त्यांनी गोष्ट सुरू केली. गॅसवरचं दूध उतू गेलं. कुणी उठलं नाही.

आता मी तळमजल्यावरच्या खोलीत आहे. लेक लांबच्या शहरात परत गेली. रविवारी तिचा फोन येतो आणि सर तिला गोष्ट सांगतात. एरवी दिवसभर ते आणि मी. माझं ते चाक काही नीट झालं नाही. मी धड दगडही नाही आणि धड गोष्टही नाही. राहून गेलेल्या सगळ्या गोष्टी एका रविवारात थोड्याच मावतात?

मित्रांनो, फिरणारी वस्तू फिरवत ठेवा, तिला मेण लावा, ओलीत टांगू नका. आणि घरात कुणी रुसलं असेल तर पाळी कुणाची ते बघू नका. पाळी तिची होती, असं सर म्हणायचे. पाळी त्यांची होती, असं ती म्हणायची. आणि वाट बघत टांगलेली होते मी.